नख्यांना माया सोडा
(संगणकावर काढलेल्या दागिन्यात खडा धरणाऱ्या नख्यांची मापे)

कापडाच्या व्यापाऱ्याने सोन्याच्या कामावर काय लिहावे, असे कोणी म्हणेल. पण नगरचा कापड बाजार आणि सराफ बाजार एकमेकांपासून लांब नाहीत आणि दोन्ही धंद्यांचा हिसाब शेवटी मापावर येऊन थांबतो. हल्ली अंगठीचे चित्र संगणकावर निघते, त्यावरून यंत्र मेणाचा किंवा राळेचा नमुना करते, नमुन्यावरून ओतकाम होते आणि ओतीव तुकडा खडा बसविण्यासाठी आपल्या कारागिराच्या पाटावर येतो. चित्र काढणारा पुण्यात किंवा मुंबईत असतो, कारागीर नगर, संगमनेर किंवा श्रीरामपुरात असतो आणि दोघांची गाठ कधीच पडत नाही. मग खडा हलतो, नखी तुटते, गिऱ्हाईक परत येते आणि दोष मात्र ज्याच्या हातात तुकडा शेवटी होता त्याच्यावर येतो. हे कसे टाळावे, हा या लेखाचा विषय आहे.

नखी म्हणजे काय?

खडा बसविण्याच्या आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत कोंदण असते. खड्याच्या सर्व बाजूंनी धातूची कड येते आणि खडा तिच्यात बुडतो. नख्यांच्या पद्धतीत खडा चार किंवा सहा बारीक तारांच्या टोकांनी वर उचलून धरलेला असतो, म्हणजे खालून आणि बाजूंनी उजेड आत जातो व खडा चमकतो. न्यूयॉर्कच्या टिफनी या पेढीने १८८६ मध्ये हिऱ्यासाठी सहा नख्यांची अंगठी बाजारात आणली आणि तेथून ही तऱ्हा जगभर रूढ झाली. बाजारात या नख्यांना प्रॉंग म्हणतात. आपण या लेखात नखी हाच शब्द वापरू.

कोंदणात धातू पुष्कळ असतो, म्हणून थोडी चूक खपते. नखीमध्ये खड्याची सारी जबाबदारी एक मिलिमीटर जाडीच्या तारेवर असते. तेथे केसाएवढा फरकही जाणवतो.

दोन वेगळे हिसाब: आटणे आणि माया

कापडवाल्याला आणि शिंप्याला दोन गोष्टी ठाऊक असतात. पहिली, कोरे कापड पाण्यातून काढले की आटते. हे आटणे शेकड्यावर चालते. शंभर इंचात तीन इंच आटणारे कापड पन्नास इंचात दीड इंच आटेल. दुसरी गोष्ट म्हणजे शिवणीसाठी सोडलेली माया. ती शेकड्यावर चालत नाही. बाळाचे झबले असो की मोठ्या माणसाचा कुर्ता, शिवणीत जायचे कापड जवळपास सारखेच जाते. म्हणून लहान कपड्यात मायेचा हिस्सा मोठा असतो आणि तिथेच नवशिका शिंपी फसतो.

दागिन्यातही नेमके हेच दोन हिसाब आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की काम बिघडते.

ओतलेला धातू थंड होताना आकसतो. हे आटणे शेकड्यावर आहे. नुसत्या ओतकामात ते साधारण एक ते दोन टक्के धरतात. पहिल्या तुकड्यावरून रबराचा साचा करून त्यातून मेण काढले तर रबराच्या जातीप्रमाणे आणखी काही टक्के आटते. आता पाहा, ६.५० मि.मी. खड्याची बैठक दोन टक्के आटली तर ०.१३ मि.मी. कमी झाली. म्हणजे खडा आत उतरणारच नाही. पण १.०० मि.मी. जाडीची नखी दोन टक्के आटली तर फक्त ०.०२ मि.मी. गेली. आटण्याने बैठक बिघडते. नखीचे फारसे काही बिघडत नाही.

नखीचे नुकसान होते ते कानशीने आणि पॉलिशने. ओतीव तुकड्याची खरखर काढायची तर प्रत्येक बाजूने थोडा धातू जाणारच. दोन्ही बाजूंचा मिळून ०.१ मि.मी. गेला असे धरा. १.५ मि.मी. नखीला हे सात टक्के होतात. ०.६ मि.मी. नखीला तेच सतरा टक्के होतात. ही झाली नखीची माया. खडा लहान असो की मोठा, कानस तेवढाच धातू खाते.

एवढ्याशा धातूने काय बिघडते, असे वाटेल. पण गोल तारेचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. १.० मि.मी. नखी घासून ०.९ झाली की तिचा ताठपणा तिसऱ्या हिश्शाने घटतो. ०.६ मि.मी. नखी ०.५ झाली की निम्म्याहून जास्त ताठपणा गेला. बारीक खड्यांच्या अंगठ्यांतून खडे पडतात त्याचे एक मोठे कारण हे आहे. संगणकाच्या पडद्यावर नखी सुंदर आणि नाजूक दिसते, कारण पडद्यावर कानस चालत नाही.

म्हणून पहिला कायदा हा की चित्रात तयार नखीचे माप काढू नये. कारागिराच्या हातात येणाऱ्या नखीचे माप काढावे, म्हणजे तयार माप अधिक माया.

मापे कोठून सुरू करावी?

खालची मापे १८ कॅरेट सोने, गोल खडा आणि चार नख्या धरून दिली आहेत. ही तयार नखीची जाडी आहे, माया वेगळी. हा सुरुवातीचा अंदाज समजावा आणि आपल्या कामाप्रमाणे कमीजास्त करावा.

खडा १.५ मि.मी. पर्यंत: नखी ०.४ ते ०.५ मि.मी.
खडा २ ते ३ मि.मी.: नखी ०.६ ते ०.७ मि.मी.
खडा ४ ते ५ मि.मी.: नखी ०.८ ते ०.९ मि.मी.
खडा ६ ते ७ मि.मी.: नखी १.० ते १.१ मि.मी.
खडा ८ ते १० मि.मी.: नखी १.२ ते १.५ मि.मी.

यावर लहान नखीला ०.१ आणि मोठ्या नखीला ०.१ ते ०.२ मि.मी. माया सोडावी. सहा नख्या असतील तर भार वाटला जातो, म्हणून नखी एक पायरी बारीक चालते. फार बारीक नखी ओतकामात भरतही नाही, टोक अर्धवट राहते. म्हणून चित्रात ०.५ मि.मी. पेक्षा बारीक नखी शक्यतो काढू नये आणि नखी बुडाशी थोडी जाड, टोकाकडे निमुळती ठेवावी.

धातूप्रमाणेही फरक करावा. १८ कॅरेटमध्ये हजारात ७५० भाग सोने असते, २२ कॅरेटमध्ये ९१६. सोने जितके शुद्ध तितके मऊ. आपल्याकडचे गिऱ्हाईक २२ कॅरेट मागते. त्यात नखी सहज वाकते आणि तितक्याच सहज उघडते. तेव्हा २२ कॅरेटमध्ये नखी एक पायरी जाड घ्यावी, नाहीतर गिऱ्हाइकाला कोंदण सुचवावे. ९२५ ची चांदीही मऊच आहे, तिलाही हाच नियम लागतो. एक गोष्ट गिऱ्हाइकाला समजावून सांगण्यासारखी आहे. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बंधनकारक झाला. पण हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. नखी मजबूत आहे की नाही हे तो सांगत नाही. त्याची जबाबदारी आपलीच राहते.

खडा मोजा, वजनावर जाऊ नका

चित्र काढणाऱ्याला खड्याचे वजन कळवायचे आणि बाकी त्याच्यावर सोडायचे, ही सवय घातक आहे. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मि.मी. असतो. पण माणिक आणि नीलम हिऱ्यापेक्षा जड असल्याने एक कॅरेटचा गोल नीलम ६ मि.मी. च्या आसपास निघतो. पाचू हलका असतो, तो तेवढ्याच वजनात मोठा दिसतो. रत्तीचा घोळ तर याहून मोठा आहे. सोनाराची रत्ती सुमारे १२१ मिलिग्रॅमची, तर खड्यांच्या बाजारात तीच रत्ती सुमारे १८० मिलिग्रॅम धरतात. अशा मापावर नखी कशी बसणार?

खडा डिजिटल कॅलिपरने मोजावा. गोल दिसणारा खडाही दोन दिशांनी मोजावा. ६.४२ आणि ६.४८ असा फरक निघतो. मग खोली मोजावी. गोल हिऱ्याची खोली रुंदीच्या साठ-बासष्ट टक्के असते, पण रंगीत खड्यांचे पोट पुष्कळदा जास्त सुटलेले असते, कारण कापणाऱ्याला वजन वाचवायचे असते. चित्रात तयार मिळणारा आदर्श खडा बसवला आणि हातातला खडा पोटाळ निघाला, तर तो खाली टेकतो आणि नख्यांपर्यंत पोहोचतच नाही.

आपल्याकडे चांदीच्या अंगठीत अकीक आणि फिरोजा जास्त चालतात. अकीक घासण्याच्या कामात गुजरातच्या खंभातचे कारागीर फार जुन्या काळापासून नावाजलेले आहेत. हे खडे बहुधा पैलूदार नसतात, वरून घुमटासारखे असतात. घुमटाच्या बाजूवर नखीला पकड कमी मिळते. म्हणून लांबी, रुंदी, उंची तिन्ही मोजावीत, नखी उंच ठेवावी आणि तिचे टोक घुमटाच्या उतारावर चांगले आत आणावे. राशीचा खडा घालणारे गिऱ्हाईक खड्याचा तळ बोटाला लागला पाहिजे असा आग्रह धरते. तसे असेल तर ते चित्र काढण्यापूर्वीच सांगावे, कारण त्याने बैठकीची उंचीच बदलते.

एक उदाहरण पुरे मांडून पाहू

समजा, ६.५० मि.मी. गोल खडा, १८ कॅरेट, चार नख्या.

जाडी: तयार नखी १.० मि.मी. हवी. माया ०.१ धरली. चित्रात १.१ मि.मी.

पकड: खड्याची जी सर्वांत रुंद कड असते, जिला कारागीर गर्डल म्हणतात, ती नखीत खाच पाडून बसवतात. ही खाच नखीच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी असावी. निम्म्यापेक्षा जास्त कधीही नको, कारण खाचेच्या मागे जो धातू उरतो तोच खड्याला धरतो. १.० मि.मी. नखीत ०.३ मि.मी. खाच घेतली तर मागे ०.७ मि.मी. उरते.

जागा: खड्याच्या मध्यापासून कडेपर्यंत ३.२५ मि.मी. त्यातून ०.३० वजा केले की नखीची आतली बाजू २.९५ वर येते. कानस बहुतेक बाहेरून लागते, म्हणून माया बाहेरच्या बाजूला सोडावी. नखी १.१ जाड असल्याने तिचा मध्य ३.५० वर येईल. म्हणजे समोरासमोरच्या दोन नख्यांच्या मध्यांतले अंतर ७.०० मि.मी. हा एक आकडा चित्र काढणाऱ्याकडून मागून घ्यावा आणि नमुना आल्यावर कॅलिपरने ताडून पाहावा.

वरची उंची: गर्डलच्या वरचा भाग या खड्यात सुमारे १ मि.मी. असतो. कच्ची नखी गर्डलच्या वर १.३ ते १.५ मि.मी. ठेवावी. वाकवल्यावर जास्तीचे टोक कापून ते खड्याच्या वरच्या उतारावर अर्ध्यापर्यंत आणावे. नखी आखूड आली तर तिला ओढून वाढवता येत नाही. लांब असेल तर कापता येते.

खालची उंची: गर्डलपासून खालच्या टोकापर्यंत सुमारे २.८ मि.मी. आणि टोक व बोट यांच्यामध्ये ०.४ मि.मी. मोकळीक. म्हणजे गर्डल बोटापासून निदान ३.२ मि.मी. वर हवी.

आटणे: सर्वांत शेवटी, आणि एकदाच. दोन टक्के आटते असे ताडून पाहिले असेल तर सबंध अंगठी १.०२०४ पटीने वाढवावी. बैठक ६.५० ची ६.६३ होईल, बोटाचे आतले माप १७.०० असेल तर १७.३५ होईल आणि ओतल्यावर दोन्ही जागेवर येतील. येथे एक सापळा आहे. चित्र काढणाराही वाढवतो आणि नमुना छापणाराही आपल्या मनाने वाढवतो. मग बैठक ०.१३ मि.मी. ने सैल येते, कारागीर नख्या आत दाबून निभावतो आणि वाकलेल्या नख्या खड्यावर सारखा ताण ठेवतात. आटणे कोणी धरले आहे हे कागदावर लिहिलेले असावे.

खाचेबद्दलही सांगून ठेवावे. काही जण चित्रातच खड्याच्या आकाराची पुरी खाच कापून देतात. ओतीव खाच खरखरीत येते आणि हातातल्या खड्याशी जुळत नाही. हाताने बसवायचा मोठा खडा असेल तर खाच कारागिरासाठी सोडावी, चित्रात फार तर खूण करावी.

टोकदार खड्यांना, म्हणजे चौकोनी किंवा पानाच्या आकाराच्या खड्यांना, कोपऱ्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी नखी द्यावी. कोपराच पहिला तुटतो. पाचूच्या पोटात पुष्कळदा बारीक भेगा असतात. तेथे नखी दाबताना जोर चालत नाही आणि पुढे नखी झिजून भरायची वेळ आली तर खडा जागेवर ठेवून आच देणेही धोक्याचे. म्हणून पाचूच्या नख्यांना सुरुवातीलाच थोडा धातू जास्त द्यावा.

जास्तीचे सोने किती लागते?

सराफ बंधू विचारतील की माया सोडली तर सोने वाढेल त्याचे काय? हिसाब करून पाहू. ५ मि.मी. उंच चार नख्या १.० ऐवजी १.१ मि.मी. केल्या तर वाढीव धातू ३.३ घन मि.मी. होतो. १८ कॅरेट सोन्याचे वजन घन मिलिमीटरला सुमारे १५.५ मिलिग्रॅम धरले तर वाढ सुमारे ५१ मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या गुंजेपेक्षाही कमी. त्यातलेही बरेचसे कानशीच्या चुऱ्यात परत मिळते. पडलेला खडा मात्र परत मिळत नाही. आणि तो गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला, घरातला जुना खडा असेल तर ती अमानत आहे. तिची भरपाई पैशाने होत नाही.

आपल्या हाताचे माप काढा

येथे मी मायेचे आणि आटण्याचे जे आकडे दिले ते उदाहरणासाठी आहेत. खरे आकडे ज्याच्या-त्याच्या कारखान्याचे असतात. एकाचा हात हलका, दुसऱ्याची कानस खरखरीत. ते काढण्याची रीत सोपी आहे. चित्रात २०.०० मि.मी. लांबीची एक पट्टी व तिच्यावर १.०० मि.मी. च्या चार नख्या काढून नेहमीच्या ठिकाणाहून ओतून घ्याव्यात. पट्टी १९.६४ भरली तर आटणे १.८ टक्के. मग नख्या ओतल्यावर, कानशीनंतर आणि पॉलिशनंतर अशा तीन वेळा मोजाव्यात. असे पाच तुकडे केले की सरासरी हाती येते. ओतकाम करणारा बदलला किंवा रबर बदलले तर पुन्हा मोजावे.

मग ऑर्डरच्या चिठ्ठीवर एवढे लिहावे: खड्याची तीन मापे मिलिमीटरमध्ये, धातू, नख्यांची संख्या, तयार नखीची जाडी, मायेसह जाडी, समोरासमोरच्या नख्यांच्या मध्यांतले अंतर, आटणे किती व कोणी धरले, खाच कोण कापणार. चिठ्ठीच्या दोन प्रती असाव्यात. भांडणाची वेळ आली तर चिठ्ठी बोलेल, आणि बहुधा भांडण होणारच नाही.

कारागिराची किंमत

राइनो नावाचा प्रोग्रॅम १९९८ मध्ये बाजारात आला आणि दागिन्यांची चित्रे काढण्याचे पुष्कळ काम आज त्याच्यावर चालते. अंधेरीच्या सीप्झमध्ये, जेथून दागिन्यांची मोठी निर्यात होते, १२ जानेवारी २०२४ रोजी 'भारत रत्नम्' या सामायिक सुविधा केंद्राचे उद्घाटन झाले. तेथे धातूचा त्रिमिती छपाई करणारी यंत्रे आहेत आणि शिक्षणाचीही सोय ठरविलेली आहे. हे पाहून आपल्या कित्येक तरुणांना वाटते की पाटावर बसून खडे बसविण्याचा हुन्नर आता संपला.

माझे मत वेगळे आहे. संगणकाला खड्याचा आकार कळतो, पण कानस किती धातू खाते, आपल्याकडचे २२ कॅरेट किती वाकते, अकिकाच्या घुमटावरून नखी कोठे घसरते, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणारा माणूस पाटावर बसलेला कारागीरच आहे. फरक एवढाच की आजवर हे ज्ञान बोटांत होते, आता ते मिलिमीटरमध्ये लिहून द्यावे लागेल. जो कारागीर आपल्या हाताची माया आकड्यात सांगू शकेल, त्याला चित्र काढणारा विचारून काम करील. जो सांगणार नाही, त्याच्याकडे दुसऱ्याने ठरवलेला तुकडा येईल आणि दोषही त्याच्याच माथी येईल. एक कॅलिपर, एक वही आणि पाच नमुन्यांचा खर्च, एवढ्यात हे काम होते. चांगला शिंपी कापड कातरण्याआधी माया धरतो. आपणही चित्र छापायला जाण्याआधी धरावी.